कार्बोरेटरची कैफियत

१ एप्रिल २०२० या दिवशी भारतात दुचाकी वाहनांना ‘भारत स्टेज सहा’ या प्रदूषणविषयक मानकाचा अंमल लागू झाला, आणि शंभराहून अधिक वर्षे फटफटीच्या टाकीखाली बसून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिद्ध करीत आलेल्या कार्बोरेटर नामक लहानशा धातुपात्राला बहुतेक नव्या गाड्यांत स्थान उरले नाही. त्याचे काम संगणकाच्या हुकमाने पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्शनकडे गेले. हा बदल अगदीच अकस्मात झाला असे नव्हे. हीरो होंडाने २००६ सालीच ग्लॅमरला इंजेक्शन देऊन पाहिले होते. बजाजने २००७ साली पल्सर २२० इंजेक्शनसह बाजारात आणली आणि दोनच वर्षांनी तीच गाडी कार्बोरेटर लावून कमी किमतीला विकायला काढली, यावरून तेव्हाच्या ग्राहकाचा कल कोणीकडे होता ते उमजते. शिवाय कारखान्यातून एखादी वस्तू हद्दपार झाली म्हणून मुलुखातून ती लगेच नाहीशी होत नाही, आणि ज्या यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला गाडीला १९९४ सालापर्यंत वाफेचे इंजिन जोडले जात होते, त्या जिल्ह्यात तर ती विशेषच रेंगाळते. फवारणीचा पंप पाठीशी बांधून शेतावर निघालेला मारेगावचा शेतकरी, दोहो बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून पहाटे दारव्ह्यात शिरणारा गवळी, घाटंजीपलीकडच्या शाळेवर रोज जा-ये करणारा शिक्षक, अशांपैकी कितीतरी जणांची गाडी अद्याप कार्बोरेटरवर चालते आणि पुढेही काही वर्षे चालत राहील.

या गाड्यांच्या मालकांना, त्यातही पंचविशीच्या अलीकडच्या मुलांना, एका जिनसेची हौस लागलेली दिसते. कुरिअरने घरपोच येणाऱ्या, तळहातावर मावेल अशा डबीत वेगवेगळ्या छिद्रांचे तीनचार मेन जेट, एकदोन पायलट जेट, पाच खाचा कोरलेली एक निमुळती सुई, त्या खाचांत बसणारी नखाएवढी क्लिप, कधी एखादी नरम स्प्रिंग आणि क्वचित एक बारीक ड्रिलबिट असा ऐवज असतो. ही कार्बोरेटरची ट्यूनिंग किट. ती बसवली की पिकअप वाढतो, गाडी हातात थांबत नाही, असा तिचा बोलबाला आहे; आणि रविवारी सकाळी घराच्या अंगणात पाने-पेचकस पसरून ती स्वतःच बसविण्याचा उद्योग यवतमाळच्या वाघापूर रस्त्यापासून पुसद-उमरखेडपर्यंत चाललेला असतो. प्रस्तुत लेख त्या मुलांसाठी आहे, तसाच त्यांच्या वडिलांसाठीही आहे, कारण गाडी बहुधा वडिलांची असते.

किटचा जन्म मात्र आपल्याकडला नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याने १९७८ सालच्या मोटरसायकलींपासून धुराचे निर्बंध लागू केले, तेव्हा कारखान्यांना सर्वांत स्वस्त पडलेला उपाय म्हणजे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटविणे हा होता. तो त्यांनी केला, आणि ग्राहकाने पुन्हा छेडछाड करू नये म्हणून मिश्रणाच्या स्क्रूवर धातूचे बूच ठोकून दिले. गाड्यांचा धूर घटला. पण त्या थंडीत सुरू व्हायला कुरकुरू लागल्या, एक्सिलेटर किंचित पिळताच अडखळू लागल्या, आणि इंजिने अधिक तापू लागली. या अडचणीतून डायनोजेटसारख्या कंपन्यांचा किट विकण्याचा व्यापार फोफावला. थोडक्यात, सरकारने कारखान्याला शिस्त लावली, कारखान्याने गाडीला अर्धपोटी ठेवले, आणि दुकानदाराने तिच्यासाठी उरलेल्या भाकरीची शिदोरी विकायला मांडली. आपल्याकडे १९९१, १९९६ आणि २००० या साली नियम क्रमाने कडक होत गेले, आणि आपल्या गाड्यांच्या आहारावरही कमीअधिक फरकाने तोच परिणाम झाला.

आता या पात्राच्या आत काय घडते ते पाहू. नळीतून वाहणारा प्रवाह अरुंद जागी आला की त्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हा सिद्धान्त डॅनियल बर्नूलीने १७३८ साली ग्रंथरूपाने मांडला. मध्ये चिंचोळ्या होणाऱ्या नळीचा अभ्यास इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ साली प्रसिद्ध केला. आणि १८९३ या एकाच वर्षी जर्मनीत माइबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, या तत्त्वावर पेट्रोलचा फवारा उडविणारे पात्र सिद्ध केले. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते, ती कार्बोरेटरच्या चिंचोळ्या गळ्यातून धावते, तेथील दाब घटतो, आणि खालच्या भांड्यातील पेट्रोल पितळी जेटच्या छिद्रातून वर चढून त्या हवेत विखुरते. भांड्यातील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. एवढीच यंत्रणा, तिला ना वीज लागते, ना संगणक.

मात्र एकच छिद्र सगळ्या वेगांना पुरे पडत नाही, म्हणून कामाची वाटणी केलेली असते. गाडी स्लोमध्ये उभी असताना आणि एक्सिलेटर जेमतेम पिळलेला असताना पायलट जेट आणि त्याचा स्क्रू यांचा अंमल चालतो. पाव ते पाऊण पिळणीपर्यंत निमुळत्या सुईचा. आणि त्यापुढे, मूठ पूर्ण वळविली म्हणजे, मेन जेटचा. ही वाटणी ध्यानात न घेता जो तरुण किटमधला सर्वांत मोठा मेन जेट उचलून बसवतो, त्याने गाडी शंभरीच्या आसपास पळत असतानाचे सेटिंग बदललेले असते, आणि यवतमाळच्या दत्त चौकातून बसस्थानकापर्यंत जाताना त्या जेटचा उपयोग त्याला एकदाही होत नाही. त्याला पिकअप वाढल्यासारखा वाटतो तो बहुधा खर्च केलेल्या पैशामुळे.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरची पंचाईत अशी की त्याला हवेचे वजन कळत नाही, केवळ आकारमान कळते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या यवतमाळात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांपाशी असतो आणि मे महिन्यात तो पंचेचाळिसाला टेकतो. एवढ्या फरकाने हवेची घनता जवळजवळ एक नवमांशाने घटते, आणि गणिताने पाहिले तर त्याच जेटमधून मे महिन्यात मिळणारे मिश्रण डिसेंबरपेक्षा पाचसहा टक्क्यांनी दाट, म्हणजे अधिक पेट्रोलचे, होते. कारखान्यातल्या अभियंत्याला तर मनालीच्या घाटापासून नांदेडच्या उन्हापर्यंत एकच जेट द्यावयाचा असतो. त्याने काढलेला मध्य हा कोणत्याच गावाचा नसतो. काळ्या मातीची धूळ आणि हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू एअर फिल्टरवर बसतो, हवा अडते, आणि मिश्रण आणखी दाट होते. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. मिश्रण पातळ झालेली एखादी गाडी चोंदलेल्या फिल्टरच्या कृपेने बरी चालत असते. मालक एक दिवस फिल्टर साफ करवून घेतो. गाडी अडखळू लागते. आणि साफ करणाऱ्याच्या नावाने शंख होतो.

इथवरची कथा कोणत्याही वर्षीची असू शकली असती. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र या हिशेबातील एक संख्याच बदलली आहे, आणि ती गाडीत नव्हे, पंपावर बदलली आहे.

पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले. वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर सर्रास झाले. इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून होते. इसापूर धरणाच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या, पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पाहत वाढलेल्या उमरखेड-पुसदकडच्या शेतकऱ्याला या धोरणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परकीय तेलावरचा खर्च वाचतो आणि उसाला गिऱ्हाईक मिळते, हा लाभ खराच आहे. पण त्याच शेतकऱ्याची जुनी दुचाकी या धोरणाची अर्जदार नव्हती. शुद्ध इथेनॉल जळायला एका ग्रॅमला सुमारे नऊच ग्रॅम हवा लागते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ नव्हे, साडेतेराच्या आसपास हवा पुरते. इंजेक्शनची गाडी सायलेन्सरमध्ये बसविलेल्या प्राणवायूच्या सेन्सरला विचारून पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरला विचारायला कोणी नाही. तो पूर्वीइतकेच पेट्रोल पूर्वीइतक्याच हवेत सोडत राहतो, आणि गाडीला कोणी बोटही न लावता तिचे मिश्रण सातआठ टक्क्यांनी पातळ होऊन बसते.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉलविषयीचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज वीस टक्क्यांवर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे, आणि इंजिनात योग्य ते बदल व ट्यूनिंग केल्यास ही घट कमी करता येईल असेही म्हटले आहे. ते ट्यूनिंग जुन्या गाडीचे कोणी करावयाचे, हा प्रश्न त्या दप्तरात कोणाच्याच नावे लावलेला नाही. माझे मत असे की किट बसविण्याला काही न्याय्य कारण असेल तर ते हेच आहे. गाडी पळविण्यासाठी किट घेणाऱ्याशी मला कर्तव्य नाही. पंपावरच्या पेट्रोलने जी गाडी परस्पर पातळ करून टाकली, तिला पूर्वस्थितीला आणणे हा मात्र मालकाचा हक्क आहे, आणि तो त्याने समजून-उमजून बजावावा.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळला भाच्याकडे मुक्कामी असताना या विषयाचे प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आला. भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची गाडी दीडशे सीसीची, चारस्ट्रोक, पंधरा वर्षांपूर्वीची. सकाळी चोक ओढून दहाबारा किका मारल्याखेरीज ती धरत नसे, धरली तरी स्लो वरखाली होई, आणि उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फुटाण्यांचा आवाज येई. त्याने किट मागविली होती, आणि ती घेऊन आम्ही दोघे आर्णी रस्त्यावरच्या त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो. चाचांनी डबी उघडली, एक जेट उजेडाकडे धरून त्याच्या छिद्रातून आभाळ पाहिले आणि डबी परत केली.

“बसवून देतो, त्याले काय लागते! पण गाडीले झालं काय ते आंधी सांग. जेट लहान पडला हे तुले कोणं सांगतलं?”

“चाचा, प्लग पांढरा पडून राहिला. म्हणजे लीन, पातळ आहे ना?”

“लीन हाय. पण पेट्रोल कमी हाय म्हणून लीन हाय, का हवा जास्त घुसून रायली म्हणून लीन हाय?”

मग त्यांनी गाडी स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डवर क्लीनरचा एक फवारा मारला. इंजिनाचा सूर तत्क्षणी बदलला. रबर मागच्या बाजूने, जेथे डोळा पोचत नाही तेथे, चिरलेले होते आणि त्या चिरेतून बिनहिशेबी हवा आत शिरत होती. “पाय, इथूनच घुसून रायली,” चाचा म्हणाले. “आता तू कितीबी मोठा जेट टाक.” नवे रबर घ्यायचे, फिल्टर झटकायचा, प्लगचे अंतर पाहायचे, आणि एवढे करूनही तक्रार उरली तरच डबी उघडायची; उघडली तर एका वेळी एकच वस्तू बदलायची, असा हुकूम घेऊन आम्ही परतलो. जेट बदलण्याआधी ज्या गोष्टी पाहावयाच्या त्यांची ही यादी मला कोणत्याही किटच्या सूचनापत्रकात आढळली नाही. ज्याला किट विकायची आहे त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही गैरच.

रबर बदलल्यावर स्लो स्थिर झाला; सकाळची किकांची मोजदाद निम्म्यावर आली; पण हलक्या पिळणीवरचे अडखळणे आणि सायलेन्सरमधले फुटाणे गेले नाहीत. तेवढा दोष पेट्रोलचा, असे मानून रविवारी अंगणात काम सुरू झाले. अंगणात यासाठी की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बर्नरपर्यंत पोचायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. बहिणीने एक जुनी परात आणि पांढऱ्या धोतराचा तुकडा दिला. पांढऱ्या कापडावर पितळेचा कण हरवत नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करून, खालचा ड्रेन स्क्रू सोडून भाच्याने भांड्यातले पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवून घेतले. तळाशी पाण्याचे दोनचार मणी निराळे झाले होते. इथेनॉल पाणी शोषते, आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या गाडीत ते शोषायला हवेतला दमटपणा पुरतो. प्रमाणाबाहेर शोषले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात आणि जेट नेमका तळाचेच ओढतो. क्लॅम्प ढिले करून, केबल काढून, कार्बोरेटर हाती आला तेव्हा भांड्याच्या आत पांढुरका थर दिसला. ती धातूची झीज. चार स्क्रू काढताना एक गोष्ट सांगण्याजोगी: जपानी धर्तीच्या कार्बोरेटरच्या फुलीच्या स्क्रूला बाजारात सर्रास मिळणारा फिलिप्स पेचकस नीट बसत नाही, तो घसरतो आणि डोक्याची फुली खाऊन टाकतो. जपानी मापाचा पेचकस निराळा मिळतो. जेट पितळेचे, म्हणून नरम. त्यांना खाचेत पूर्ण भरणारा रुंद पेचकस लावावा आणि बसवताना जोर मनगटाचा नव्हे, दोन बोटांचा असावा.

जुने जेट उजेडात धरले तर पायलट जेटचे छिद्र अर्धे बुजलेले निघाले. अनेक गॅरेजांत अशा वेळी क्लचच्या केबलची तार त्यात घालून फिरवतात. ती तार कचरा काढते, आणि त्याबरोबर छिद्रही रुंदावते. ज्या छिद्राचा व्यास मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून दिलेला असतो, त्यात तार घालणे म्हणजे न सांगता जेट बदलणेच होय, आणि असा ‘वाढलेला’ जेट आपल्यावर छापलेला जुना आकडा तसाच मिरवीत राहतो. चाचांनी क्लीनर आणि हवेचा झोत एवढ्याच दोन साधनांना मुभा दिली होती. तीही रबराला न लागू देता. कारण भाच्याच्या गाडीतल्या प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये सुई जिला लटकलेली असते ती स्लाइड वर उचलण्याचे काम पातळ रबरी डायफ्रामकडे असते. त्यावर क्लीनर पडला की ते फुगते, आणि फुगलेली कड आपल्या खाचेत बसेनाशी होते.

आकड्यांचाही एक घोटाळा आहे. कीहिन कंपनीच्या जेटवरील १०० हा आकडा छिद्राचा व्यास एक मिलीमीटर असल्याचे सांगतो. मिकुनी कंपनीच्या षट्कोनी मेन जेटवरील १०० हा आकडा मात्र ठरावीक दाबाखाली मिनिटाला किती घन सेंटिमीटर द्रव वाहतो ते सांगतो. दोहोंची तुलना होत नाही. शिवाय बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या जेटवरचा आकडा म्हणजे केवळ नक्षी असण्याचा संभव असतो, म्हणून चाचांचे ते छिद्रातून आभाळ पाहणे.

भाच्याच्या गाडीची मूळ सुई विनाखाचेची निघाली. कारखान्याने तिला एकच जागा दिलेली, म्हणजे मालकाने वरखाली करू नये. किटमधल्या सुईला पाच खाचा होत्या. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल घटते; खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. ही उलटी चाल घाईत विसरली जाते. त्याहून अधिक फसवणूक मिश्रणाच्या स्क्रूची. तो कार्बोरेटरच्या फिल्टरकडील बाजूला असेल तर हवेचा असतो, आणि आत पिळल्याने मिश्रण दाट होते. इंजिनाकडील बाजूला असेल तर पेट्रोलचा असतो, आणि बाहेर सोडल्याने दाट होते. भाच्याच्या गाडीचा दुसऱ्या प्रकारचा होता. तो काढण्यापूर्वी त्याने हलकेच आत पिळून किती फेरे बसतात ते मोजले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवले. हा शहाणपणा मात्र उपजत होता, चाचांचा नव्हे.

किटमधल्या ड्रिलबिटला आम्ही हात लावला नाही. स्लाइडच्या बुडाचे हवेचे छिद्र तिने मोठे केले की स्लाइड चटकन वर उठते आणि मूठ पिळताच गाडी उसळते, असे सांगतात, आणि ते खरे आहे. पण जेट आवडला नाही तर काढून जुना लावता येतो. पाडलेले भोक बुजवता येत नाही. गाडी वडिलांची असेल तर हा भेद विशेष मोलाचा.

पहिल्या रविवारी केवळ जेट साफ करून जुनेच बसविले आणि सुई नवी, मधल्या खाचेत. आठवडाभर शाळेला जाऊन-येऊन पाहिले. अडखळणे पुष्कळ घटले, फुटाणे राहिले. दुसऱ्या रविवारी पायलट जेट एका मापाने वाढविला आणि स्क्रू पूर्वीच्याच फेऱ्यांवर ठेवला; फुटाणे थांबले आणि चोक पहिल्या मिनिटाच्या आत सोडता येऊ लागला. राहिला मेन जेट. त्याची परीक्षा कळंबच्या दिशेने, रुंद झालेल्या नागपूर-तुळजापूर महामार्गावर, पहाटे रहदारी नसताना केली: मूठ पूर्ण पिळून थोडे अंतर गाडी पळवायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि रस्त्याच्या कडेला थांबून प्लग काढून पाहायचा. काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढरा फटक असेल तर पातळ, आणि फिकट विटकरी असेल तर योग्य. प्लग पांढऱ्याकडे झुकलेला निघाला, म्हणून मेन जेटही एका मापाने वाढविला. त्यापुढचे जेट डबीतच राहिले. मिश्रण पातळ असलेले इंजिन तापते, आणि फार तापले तर पिस्टन जॅम होतो. दोनस्ट्रोक गाडीत हा धोका दुप्पट, कारण तेथे वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते आणि पेट्रोल घटले की तेही घटते. याउलट मिश्रण अतिदाट झाले तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि रिंगा झिजवते. म्हणजे ‘थोडे जास्तच राहू द्या’ हा सल्लाही निर्धोक नाही.

कायद्याची बाजू टाळता येण्यासारखी नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा अधिक स्पष्टपणे उच्चारली. जेटचे माप नोंदणीपत्रात नसते हे खरे; पण म्हणून मालक मोकळा होत नाही, कारण धुराची मर्यादा त्याच्यावर निराळीच बंधनकारक आहे. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या भाच्याच्या गाडीसारख्या चारस्ट्रोक दुचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि न जळलेले हायड्रोकार्बन दशलक्षात ४,५०० भागांपर्यंत माफ आहेत. मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स निलंबित अशी तरतूद आहे. एम.एच. २९ ही पाटी लावलेली कोणतीही जुनी गाडी आपल्याकडील पीयूसीच्या गाडीपाशी नेऊन उभी केली की हे आकडे पाचदहा मिनिटांत छापून मिळतात, आणि ज्याने घरी किट बसविली त्याने तो दाखला केवळ पोलिसासाठी न घेता आपल्या कामाची परीक्षा म्हणून घ्यावा. मिस्त्रीचा कान स्लोवरच्या दाटपणाचा जो अदमास घेतो त्याची खातरजमा त्या कागदावर होते. भाच्याचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत आला. तो घेऊन आम्ही चाचांकडे गेलो.

“पण चाचा, पळायले काही जास्त नाही वाटत,” भाचा जरा खट्टू होऊन म्हणाला.

“पळायसाठी कोणं सांगतलं होतं? सकाळी किती किका लागतात?”

“दोन.”

“मंग?”

आणि मग त्यांनी किटची डबी मागून घेतली, काढलेले जुने जेट आणि विनाखाचेची सुई एका कागदात गुंडाळून त्यात ठेवायला लावली, आणि मे महिन्यात पारा चढला की स्क्रू पाव फेरा आत घेऊन पुन्हा पीयूसी करून आणण्यास बजावले. कारण डिसेंबरच्या पहाटेला बरोबर असलेले मिश्रण मेच्या दुपारी दाट होणार, आणि स्लोवर गाडी बसू लागली की मालक पुन्हा एखादी नवी किट मागविणार. मे महिन्यात भाच्याने फोनवर सांगितले की पाव नव्हे, अर्धा फेरा घ्यावा लागला; फिल्टरही चोंदला होता, बाजूच्या जिनिंगमुळे.